मुरुडच्या व्याह्यांस, एकाच कोटातील दोन वडिलांविषयी

जळकोट,
भाद्रपद शुद्ध दशमी

सन्मान्य व्याही श्री. शेषेरावजी यांच्या सेवेशी, आपल्या सुनेचा पिता निवृत्ती हात जोडून आधी कुशल विचारतो आणि मग मूळ विषयाकडे वळण्याचे धाडस करतो.

ईश्वरकृपेने इकडे सर्व ठीक आहे. आपला उजवा गुडघा, विहीणबाईंची साखर आणि जावई आदिनाथरावांचे खताचे दुकान या तिघांची प्रकृती सवडीने कळवावी. महालक्ष्म्यांची पाठवणी नुकतीच झाली, सौ. सिंधु सोळा भाज्यांच्या श्रमातून अजून सावरलेली नाही, तरी तिने आपणां उभयतांस नमस्कार सांगितला आहे. पुढील मजकूर दूरध्वनीवरही सांगता आला असता. परंतु दूरध्वनीवर आपण मधेच बोलता, आणि प्रस्तुत विषयात मधेच बोलावे असे आपणांस पदोपदी वाटेल, म्हणून पत्राचा आश्रय घेतला आहे. कृपया बसून वाचावे.

आपणांस स्मरत असेल की, अठ्ठावीस वर्षांपूर्वी चि. वर्षाराणीच्या लग्नाची बैठक आमच्या घरी बसली, तेव्हा कुंडल्या न जुळल्याने देण्याघेण्याच्या बोलण्यापूर्वीच ती मोडण्याच्या बेतात होती. आपल्याकडील वडीलधारी मंडळी तोंडे पाडून बसली होती. इतक्यात आपल्यापैकी कोणाचे तरी लक्ष आमच्या देवघरातील माझ्या वडिलांच्या तसबिरीकडे गेले आणि त्यांनी आपल्या कानात काही सांगितले. तोच काळा कोट, तीच घड्याळाची साखळी, गुडघ्यावर ठेवलेला तोच डावा हात, पायांत तेच चकचकीत जोडे. सर्व काही मुरुडच्या आपल्या वडिलांच्या तसबिरीत आहे तसेच. माझे मामा किशनराव तर उठून उभेच राहिले. "कुंडल्या काय बघायलाव? कोट बघा, कोट! असं घराणं जुळलेलं मी जन्मात बघितलं न्हाई," असे त्यांनी जाहीर केले आणि सुपारी फुटली. (मामा ग्रहताऱ्यांचे जाणकार होते; तरी त्या दिवशी त्यांनी पंचांग उघडले नाही, ते पुढे लोड म्हणून वापरले.) दोघांच्याही कोटाला वरून तिसरी गुंडी नव्हती, हा तर आम्हां सर्वांना साक्षात ईश्वरी संकेत वाटला. शंका कोणालाच आली नाही. श्रद्धावान माणसांचे हेच सामर्थ्य असते.

त्या गुंडीविषयी दोन शब्द. ती चांदीची होती आणि वडिलांनी ती दारी आलेल्या अतिथीच्या हातावर ठेवली, असे मी चाळीस वर्षे प्रवचनांतून सांगत आलो आहे. (हे मला कोणी सांगितले, असे आता आठवू गेलो तर कोणीच सांगितल्याचे आठवत नाही. प्रारंभी ती पितळेची होती. श्रोत्यांच्या भक्तिभावाने तिची हळूहळू चांदी झाली.) आपल्याकडे तीच गुंडी रझाकारांशी झालेल्या झटापटीत तुटली आणि दर सतरा सप्टेंबरला तिच्यानिमित्त आपल्या घराण्याचा सत्कार होतो. शाल मिळते, श्रीफळ मिळते. माझा त्यास विरोध नाही. मी केवळ गुंडीपुरते बोलतो आहे.

आता मूळ घटना. ज्येष्ठ महिन्यात नांदेडहून विशाखाबाई नावाच्या इतिहासाच्या प्राध्यापिका आमच्याकडे आल्या. इतिहास म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे राजे, तह आणि तलवारी उभ्या राहतात. या बाईंच्या इतिहासात कॅमेरा येतो, देवीची लस येते, गावात रोवलेला पहिला विजेचा खांब येतो आणि त्या खांबाशेजारी छाती काढून उभी राहिलेली माणसे येतात. नवे यंत्र गावात आले म्हणजे माणसे त्याच्यासमोर कशी उभी राहतात, कोणाला पुढे उभे करतात आणि कोणाला चौकटीबाहेर ठेवतात, यावर त्या ग्रंथ लिहीत आहेत. मी म्हटले, विषय सात्त्विक आहे, आणि वडिलांची तसबीर देवघरातून काढून चौरंगावर ठेवली. बाईंनी वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. त्यांनी पिशवीतून एक कोरे कार्ड काढले, ते वडिलांच्या तोंडावर ठेवले आणि उरलेल्या भागाकडे भिंगातून पाहू लागल्या. "अगं बाई, मामंजींचं तोंड कशाला झाकायलीस?" असे सिंधु ओरडली. त्यावर त्या अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, "काकू, रागावू नका. मला त्यांचे पाय बघायचेत." पाय पाहू इच्छिणाऱ्या व्यक्तीला आमच्या घरात नकार देता येत नाही.

पाय पाहून झाल्यावर त्यांनी अकरा गावांचे अकरा पूर्वज आमच्यापुढे मांडले. नायगावचे, उदगीरकडचे, देगलूरकडचे. डोकी अकरा, धड एक. कोट तोच, साखळी तीच, आणि तिसरी गुंडी अकराही ठिकाणी नाहीशी. त्या क्षणी माझ्या तोंडून आपले नाव गेले. "बारावे आम्ही, तेरावे मुरुडला आहेत," असे मी म्हणालो. (असत्य बोलण्याचा प्रसंग नव्हता; शिवाय बुडताना सोबत असली म्हणजे पाणी कमी गार लागते.)

प्रकार असा आहे. त्या काळी खेड्यातील माणूस फोटो न काढताच मरे. मागाहून घरच्यांना त्याची तसबीर हवी असे. नांदेडला एक फोटोवाले मास्तर होते. त्यांनी यावर तोड काढली. आपल्या दुकानातला कोट एका माणसाला घालून त्याला खुर्चीवर बसवले, त्याचा फोटो घेतला, आणि मयताचे डोके कुठल्याही घोळक्याच्या फोटोतून कात्रीने कापून त्या धडावर चिकटवले. मानेवरचा सांधा कुंचल्याने बुजवून टाकला. माझे वडील वारले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. काका नांदेडला जाऊन तसबीर घेऊन आले आणि तिच्यामागील कारागिरीविषयी मरेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. देह आपला नव्हे, हे मी आयुष्यभर लोकांना समजावले. वडिलांच्या बाबतीत ते इतके शब्दशः खरे असेल, अशी मात्र कल्पना नव्हती.

मी विचारले, "मग हा बसलेला माणूस कोण?" बाईंनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "माझे आजोबा, गुरुजी. सटवाजी त्यांचं नाव. दुकानात पाणी भरायचे, काचा धुवायचे. न हलता बसायचे, म्हणून मास्तरांनी त्यांनाच बसवलं."

छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला तो माणूस एकसष्ट साली वारला. त्याच्या स्वतःच्या घरी त्याची एकही तसबीर नाही. ज्यांवरून फोटो छापत त्या मास्तरांच्या जुन्या काचा बाईंनी शोधून काढल्या, तर प्रत्येक काचेवर दुसऱ्याचे डोके बसवण्यासाठी सटवाजींचा चेहरा सुरीने खरवडलेला. बाकी सर्व तसबिरी डोके चिकटवून झाल्यावर त्यांचा पुन्हा फोटो घेऊन केलेल्या, म्हणून सपाट आहेत. आमची मात्र मास्तरांचा पहिला प्रयोग. तिच्यावर बाईंनी बाजूने विजेरी धरली, तेव्हा वडिलांच्या मानेभोवती कागदाच्या कडेची बारीक सावली पडली. म्हणजे माझ्या वडिलांच्या चेहऱ्याखाली सटवाजींचा चेहरा असू शकतो, जगात असलाच तर तेवढाच एक. आणि तो पाहायचा तर माझ्या वडिलांचा उचलावा लागेल. कागद जुना, खळ जुनी. दोन्ही चेहरे जाण्याचीही भीती. मी "विचार करून सांगतो" असे म्हणालो. याचा आपल्याकडे काय अर्थ होतो, ते आपण जाणताच.

आता जे लिहितो ते लिहिताना लेखणी अडखळते, परंतु व्याह्यांपासून काय लपवावे. ज्या माणसाला माझ्या आजोबांनी ओसरीची पायरी चढू दिली नसती, त्याच्या पायांना आम्ही अडुसष्ट वर्षे रोज गंध लावले. बाई गेल्यावर मी प्रथम काय केले असेल? प्रायश्चित्त शोधायला बसलो. दोन दिवस पोथ्या उपसल्या. चुकीच्या तिथीला श्राद्ध घडल्यास काय करावे हे सापडले. चुकीच्या धडाला घडल्यास काय करावे, याविषयी शास्त्रकार मौन आहेत. शिवाय नैवेद्याचा प्रश्न मला छळू लागला: मुख वडिलांचे, उदर सटवाजींचे, मग अडुसष्ट वर्षांच्या पुरणपोळ्या पोचल्या कोणाला? तिसऱ्या दिवशी सिंधुने माझ्यापुढची पोथी बांधून ठेवली. "प्रायश्चित्त कुणी घ्यायचं म्हणता? आपण, का ज्यांचं धड न विचारता वापरलं त्यांनी?" एवढेच बोलून ती भाकऱ्या थापायला गेली. वादात मी तालुक्यात कोणाला हार गेलेलो नाही. पण हा तालुका माजघरापर्यंत पोचत नाही.

पुढल्या खेपेस बाईंसोबत त्यांचे वडील साहेबराव आले. वीज खात्यातून निवृत्त झालेले, माझ्याहून चार वर्षांनी लहान, बोलण्यात सुरीसारखे. त्यांनी तसबिरीसमोर उभे राहून तिला नीट न्याहाळले आणि मला म्हणाले, "गुरुजी, आमच्या बापाच्या तुमी लई पाया पडलाव. आता वारसा हक्कानं थोडं माझ्याबी पडा." मी नैवेद्याची शंका त्यांना बोलून दाखवली, तर म्हणाले, "तरीच! बाप सपनात यायचा, पण उपाशी हाय म्हणून कधी बोलला न्हाई." सिंधु पदर तोंडाला लावून हसत होती. मग ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी विचारले, "गुरुजी, तुमाला बाप आठवतो का हो?" मी म्हणालो, नाही, दोन वर्षांचा होतो. "मीबी दोनच वर्षांचा. पण तुमच्याकडं बघायला तरी काहीतरी हाय."

शेषेरावजी, एवढ्या ग्रंथांत न सापडलेले मला त्या वाक्यात सापडले. मी त्याच दिवशी होकार दिला.

श्रावण वद्य षष्ठीचा दिवस ठरला. तसबीर घराबाहेर नेण्यास सिंधुने नकार दिल्यामुळे जुने कागद दुरुस्त करणारे रविकिरण नावाचे गृहस्थ नांदेडहून आमच्याकडे आले. नायगावहून साहेबरावांची थोरली बहीण चांगुणाबाई जीपने आली, कारण सटवाजींचा चेहरा पाहिलेली ती एकटीच उरली आहे; खाली चेहरा निघाला तर तो त्यांचाच, हे सांगणार कोण? सिंधुने चौरंगाभोवती रांगोळी घातली होती; रविकिरणांनी ती पुसायला लावली, म्हणे भुकटी उडते. मग उदबत्ती विझवायला लावली. पंखा बंद केला. मी नामस्मरण सुरू केले, तर ते हळूच म्हणाले, "गुरुजी, मनात केलं तर चालेल का? तोंडाची वाफ लागते." ईश्वराचे नाव घेतल्याने वडिलांस ओल येते, हे मला सत्तराव्या वर्षी कळले. चेहऱ्याच्या प्रती आधीच घेऊन ठेवल्या होत्या. परंतु आपल्या संमतीने वडिलांच्या मानेला पाते लागलेले पाहणे हा वेगळाच प्रसंग आहे. ओलसर टिपकागद ठेवायचा, थांबायचे, पात्याने केसभर कड उचलायची, पुन्हा थांबायचे. दीड तास कोणी खाकरले नाही. हनुवटीपाशी एकदा कागद चिरल्यासारखा झाला. साहेबरावांनी माझा दंड धरला. (का मी त्यांचा धरला, याविषयी आमच्यात मतभेद आहेत.)

शेवटी वडील अलगद सुटले. विड्याच्या पानाएवढा एक कागद. खाली चेहरा होता.

तो हसत होता, शेषेरावजी. गंभीर काळ्या कोटावर, मान किंचित वळवून, कॅमेऱ्याकडे न पाहता खाली बाजूला पाहत, दात दिसतील असे हसत होता. म्हणूनच मास्तरांनी तो फोटो बाद ठरवून प्रयोगासाठी वापरला असावा. न हलणाऱ्या माणसाने नेमके त्या दिवशी हसावे! विशाखाबाई त्या वेळी इतिहासकार उरल्या नाहीत, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. चांगुणाबाई पुढे वाकली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बा हाय. मला बघून हसायलाय. म्या तिथंच व्हते की खुर्चीपाशी. ती गुंडी माझ्या तोंडात व्हती."

कोणालाच काही कळेना. मग उलगडले. सहा वर्षांची ही पोर बापाबरोबर दुकानात गेली होती. तिने कोटाची गुंडी ओढून तोडली आणि मास्तर ओरडतील म्हणून तोंडात टाकली. गाल फुगवून उभी राहिली. ते पाहून बापाला हसू आले, आणि मास्तरांनी नेमका तेव्हाच फोटो घेतला. साहेबरावांनी विचारले, "मग पुढं, आक्का? काढलीस का न्हाई?" "गिळली की!" ती म्हणाली. "लई मार खाल्ला." मी माझी चांदीची गुंडी मनातल्या मनात तिथेच विसर्जित केली. आपल्या गुंडीविषयी मी काहीच बोललो नाही, हे नमूद करून ठेवतो.

राहिला माझ्या वडिलांचा प्रश्न. ते टिपकागदावर पडले होते, धडावाचून. तेव्हा विशाखाबाईंनी डोळे पुसून पिशवीतून एक मोठा फोटो काढला. मास्तरांच्या पेटीतच त्यांना तो मिळाला होता. छप्पन साली आमच्या गावात देवीची लस टोचायचे शिबिर भरले, त्या रांगेचा. बत्तीस माणसे, आणि डावीकडून तिसऱ्याच्या जागी कात्रीने कापलेले भोक. रविकिरणांनी वडिलांना चिमट्याने उचलून त्या भोकात ठेवले. तंतोतंत बसले. गुडघ्यापर्यंत धोतर, अनवाणी पाय, डावी बाही खांद्यापर्यंत वर केलेली, आणि उजव्या हाताने पुढच्या माणसाचा सदरा घट्ट धरलेला. माझ्या वडिलांनी परक्या औषधाचा थेंब अंगाला लावून घेतला नाही, असे मी पंचवीस वर्षे व्यासपीठावरून सांगत आलो. आणि त्यांच्या ज्या मुद्रेला मी वैराग्य म्हणत आलो, ती सुईची भीती होती. वडील मला एवढे यापूर्वी कधीच आवडले नव्हते.

आता तो फोटो आमच्या देवघरात आहे आणि सटवाजी हसत हसत आपल्या घरी गेले आहेत. सिंधुपुढे मात्र नवी अडचण उभी राहिली. नैवेद्य दाखवायचा तर एकट्यालाच कसा, बाकीचे बघत उभे असताना? म्हणून तिने पान मोठे केले आहे. लस टोचणारा कंपाउंडरही त्यातच जेवतो.

पत्र लांबले. चि. वर्षाराणी व आदिनाथराव यांस आशीर्वाद, विहीणबाईंस नमस्कार, आपल्या गुडघ्यास आराम. आपला स्नेह आजवर आहे तसाच राहावा, आणि हे पत्र वाचून झाल्यावरही राहावा, ही प्रार्थना करून थांबतो.

आपला,
निवृत्ती

ता. क. : हे सर्व लिहिण्याचे खरे कारण लिहायचे राहिले. विशाखाबाई नांदेडला तेराही तसबिरी एका ओळीत मांडणार असून मधोमध सटवाजींचा हसरा फोटो राहील. त्यासाठी आपल्या वडिलांची तसबीर महिनाभर हवी आहे. त्यांचे झटापटीतील शौर्य खरेच असेल. शौर्याला गुंडीची गरज नसते. आपण मोठ्या मनाने संमती द्यावी.

ता. क. दुसरा : संमती न मिळाल्यास वाईट वाटेल, परंतु अडणार नाही. राखीला वर्षाराणी इकडे आली तेव्हा तसबीर पिशवीतून घेऊन आली होती. आपल्या देवघरात सध्या आहे ती लातूरहून संगणकावर काढून आणलेली प्रत. चौकट व हार जुनेच आहेत. "बाबा आज उजळ दिसायलेत," असे आपण नमस्कार करताना तिला म्हणालात, तेव्हा ती स्वयंपाकघरात का पळाली ते आता आपल्या ध्यानात येईल. सुनेला रागावू नये. योजना माझी होती, आणि धाडस आपल्या विहीणबाईंचे, म्हणजे सिंधुचे.

ता. क. तिसरा, आणि हा सर्वांत महत्त्वाचा : आपल्या वडिलांचे डोकेही कुठल्या तरी घोळक्यातूनच कापले गेले असणार. मुरुडात कोणाच्या माळ्यावर, शाळेत, सोसायटीच्या कपाटात भोक पडलेला जुना फोटो असेल, तर तो रद्दीत जाऊ देऊ नये. तिथे आपले वडील स्वतःच्या पायांवर उभे आहेत. सापडताच ते कोणत्या रांगेत उभे आहेत, ते आधी मला कळवावे. सत्कार समितीला नंतर.